सगळ्या सरकारी दवाखान्यांत एकच पीसी? जरा दमानं घ्या

जांभ्याचा चिरा
काल इथे कुणीतरी ठोकून दिलंय, 'जिल्हा रुग्णालयापासून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत एकच मॉडेल, एकच इमेज (विंडोज आणि सॉफ्टवेअर आधीच भरलेली तयार प्रत) टाका, तीन महिन्यांत कटकट मिटेल.' केसपेपरच्या खिडकीवरचा पीसी आणि लॅबमध्ये ॲनालायझरला (रक्त वगैरे तपासणाऱ्या यंत्राला) जोडलेला पीसी यांची जातच वेगळी. बरेच ॲनालायझर अजून आरएस-२३२ या जुन्या सिरियल पोर्टावरून रिझल्ट सोडतात आणि नव्या छोट्या डब्यांना (पीसींना) बहुधा सिरियल पोर्टच नसतो. मग यूएसबी कन्व्हर्टर आला. झाडलोट करताना कुणी तो काढून शेजारच्या पोर्टात खोचला की विंडोजमधला त्याचा पोर्ट नंबर कॉम ३ चा कॉम ५ होतो. सॉफ्टवेअर कॉम ३ वरच कान लावून बसलेलं! दुपारपर्यंत रिपोर्ट हाताने लिहा. एक्स-रेची प्लेट वाचून चित्र दाखवणारा सीआर कन्सोल तर कंपनीने ज्या विंडोजवर पास केला त्यावरच चालतो. तिथे तुमची इमेज मारलीत की वॉरंटीला रामराम.

खाडीकाठ
तो 'कुणीतरी' मीच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेल प्रोसेसरची किमान आठवी पिढी लागते, म्हणजे सहावी-सातवीचे डबे बदलायचेच आहेत. बदलायचेच तर पाच तऱ्हेचे कशाला? छोट्या डब्यांचा पॉवर सप्लाय एकाचा दुसऱ्याला बसत नाही. एकच मॉडेल असेल तर तालुक्याला दोन अख्खे डबे आणि चार सप्लाय स्पेअर ठेवले की भागलं. २०१७ चा वॅनाक्राय, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, विसरलात? त्याला रोखणारा पॅच (विंडोजची सुरक्षा दुरुस्ती) मार्चमध्ये आला होता, हल्ला मेमध्ये झाला, ब्रिटनची सरकारी रुग्णालयं आडवी झाली. खिचडी मशीनवर पॅच मारणार कोण, तुम्ही?

जांभ्याचा चिरा
उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. त्यात बहुतेक मशीन विंडोज ७ ची होती आणि ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० पर्यंत चालू होता. दोष जुन्या डब्याचा नव्हता, पॅच न मारण्याचा होता.

पागोळी
दोघंही हवेत भांडताय. कोकणात पीसी मरतो तो विजेने. ६०० व्हीएच्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते. बदलायला एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) कलम नसतं, मग यूपीएस नुसता एक्स्टेंशन बोर्ड म्हणून वापरात. आणि अर्थिंग? जांभ्यात खड्डा मारला, मीठ-कोळसा भरला, पावसाळ्यात रीडिंग सुंदर. एप्रिल-मेमध्ये पाणी ओतायला कुणी नाही, खड्डा ठणठणीत कोरडा. सगळा लोड चालू ठेवून न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटर लावा. दोन-तीन व्होल्टच्या वर काटा गेला तर नवा डबा खोक्यातून काढूच नका. अर्थ तुटलेला असेल तर कॅबिनेटला हात लावताच चुणचुण लागते, कारण एसएमपीएसच्या (पीसीतल्या पॉवर सप्लायच्या) फिल्टरमधून बॉडीवर शंभरेक व्होल्ट येऊन बसतात.

खाडीकाठ
अर्थिंग बांधकाम खात्याच्या विद्युत शाखेचं काम. धागा कॉम्प्युटरचा आहे.

पागोळी
वा! म्हणजे मदरबोर्ड जळला की तुमचा, आणि जाळला कुणी ते बांधकाम खात्याचं? ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. लेझर प्रिंटरचा फ्यूजर (टोनर कागदावर वितळवणारा भाग) तापताना ८००-९०० वॅट ओढतो. तरी सर्रास त्याच यूपीएसवर लावतात, पहिल्या प्रिंटला ओव्हरलोड, खिडकीवरचा पीसीही बंद. आधी ते स्टँडर्ड करा, मग इमेजच्या गोष्टी.

सुरंगी
गजाली पुरे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर गावंच्या गावं दिवसेंदिवस अंधारात होती, तिथे पंधरा मिनिटांचा यूपीएस काय चाटायचा? २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. तरी 'सर्व्हर-नेटवर्कचा रॅक तळमजल्यावर नको' ही ओळ टेंडरात शोधून सापडत नाही. खाऱ्या हवेचंही लिहा: बंद खोलीत रॅमचे पाय काळवंडतात, डबा बीप मारतो आणि लोक मदरबोर्ड गेला म्हणून निर्लेखनाला (सरकारी यादीतून बाद करायला) पाठवतात. रॅम काढून मऊ खोडरबर फिरवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पुन्हा बसवा. निम्मं निर्लेखन थांबेल. आणि खरंच निर्लेखन असेल तर आधी हार्डडिस्क काढा, पेशंटांची नावं भंगारात जातात.

खाडीकाठ
बरं बाबा. लॅब आणि एक्स-रे वगळा. त्यांचं व्हीलॅन (त्याच नेटवर्कमधला स्वतंत्र कप्पा) वेगळं, इंटरनेट बंद. विंडोज १० चीच उपकरणांसाठीची दीर्घ मुदतीची आवृत्ती, आयओटी एलटीएससी २०२१, हिला जानेवारी २०३२ पर्यंत अपडेट आहेत, उपकरणाची कंपनी लेखी हो म्हणत असेल तर ती टाका. अर्थिंगचं रीडिंग डिलिव्हरीच्या चलनाला जोडू. आता खूश?

जांभ्याचा चिरा
उपकार झाले. खिडकीला तुमचं एकच मॉडेल, घ्या. पण इमेजमध्ये डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या कागदाचं माप टाकलात का? केसपेपर १० बाय ६ इंची, ड्रायव्हर समजतो ए-फोर. दुसऱ्याच केसपेपरला पेशंटचं नाव फाडायच्या रेघेवर येतं. प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन नवा फॉर्म बनवावा लागतो, त्याला ॲडमिन पासवर्ड लागतो, आणि तो खिडकीवरच्या माणसाकडे नसतो.

खाडीकाठ
हे राहिलं होतं. टाकतो.

पागोळी
टाका. आणि त्या प्रिंटरचा प्लग कुठे आहे तेही बघून या. डॉट मॅट्रिक्स यूपीएसवर चालेल, शेजारचा लेझर भिंतीतल्या सॉकेटला.