कासची जाळी निघाली, आता गुरं परत सोडायची का?

जुना_सातारकर: रविवारी साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठारावर जाऊन आलो. कुंपणाची जाळी काढल्यावर पठार मोकळं वाटलं, पण कुमुदिनी तळ्याच्या वाटेला गवत पार गुडघ्याला लागत होतं. पूर्वी तिथं गेंद नि सीतेची आसवं ही फुलं इतकी, की पाय कुठं टाकायचा कळायचं नाही. माझं म्हणणं, माणसं कमी करा, गुरं सोडा. २०१२ साली युनेस्कोनं वारसा म्हणून घेतलं ते पिढ्यान्‌पिढ्या चरलेलंच पठार.

रानवेडी: अजिबात पटलं नाही. जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे सपाट खडकाळ माथा तो, वर इंचभर माती. ती निकस आहे म्हणून तर दवबिंदू आणि सीतेची आसवं किडे खाऊन जगतात. तिथं शेण पडलं की गवतच माजणार. शिवाय भाद्रपदात गाय तेरडा कुठला नि गवत कुठलं बघत बसत नाही.

जुना_सातारकर: भाद्रपदात कोण सोडतंय? दिवाळी उलटली, बी गळलं, की सोडायची. वाळकं गवत उतरलं तर मृगात कोंभाला ऊन मिळतं. आणि खूर उमटला की त्यात पाणी साचतं. तसल्या बशीएवढ्या डबक्याच्या कडेला उगवलेला गेंद मी वाकून पाहिलाय.

रानवेडी: एक खूर चालेल हो. दोनशे खुरांचं काय?

वीकेंडवाला_पुणे: गुरांचं जाऊ द्या. आम्ही ऑनलाइन बुकिंग करून, पैसे भरून येतो, तरी राखणदारांच्या शिट्ट्या आमच्यावरच!

रानवेडी: दिवसाला ३००० माणसांची मर्यादा आहे, दादा. शिट्टी वाजते ती सोनकीच्या फुलांत लोळून फोटो काढणाऱ्यांसाठी. आणि पुढं कास तलावावर पार्ट्या करता, ते पाणी सातारा शहर पितं.

वाडीवरचा: मी तिथलाच. तुमचं भांडण वाचून हसू आलं. गुरं सोडा म्हणताय, पण हायत कुठं? आमच्या वाडीत पोरं मुंबईला माथाडीत, घरात म्हातारी माणसं. माझ्या लहानपणी एकट्या आमच्या गोठ्यात अकरा जनावरं होती, आता एक म्हैस. तीबी चुलत्यांची. हंगामात पोरं पार्किंगला, पावत्या फाडायला उभी राहत्यात, त्यात चार पैसे मिळत्यात. गुरं राखायला कोण येणार?

जुना_सातारकर: हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. मग गवत हातानं कापलं तर? दिवाळीनंतर, मजुरी देऊन?

वाडीवरचा: मजुरी द्या, इळा आमचा. पण आधी वनखात्याला विचारा. राखीव जंगल हाय ते.

रानवेडी: एका कोपऱ्यात करून बघायला माझी हरकत नाही. अख्ख्या पठारावर नको.