जुन्या टपाल-विक्री कॅटलॉगांना संग्राह्य मूल्य आहे, की ती नुसती जुनी रद्दी?

पेटारा (मूळ मांडणी):
टपालाने माल विकणाऱ्या शिकागोच्या सीअर्स, रोबक आणि कंपनीचे जुने कॅटलॉग अमेरिकेतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत ‘दुर्मीळ’ अशी चिठ्ठी लावून ठेवलेले असतात आणि तिकडे स्थायिक झालेली आपली मंडळीही ते हौसेने घेतात. माझ्या मते यांतील बहुतेकांना फारशी किंमत नाही. माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याने १८७२ मध्ये एका कागदावरील दरपत्रकाने हा टपाल-विक्रीचा धंदा सुरू केला, १८९६ पासून खेड्यापाड्यांत घरपोच टपाल जाऊ लागले, १९१३ मध्ये पार्सल पोस्ट आले आणि हे जाडजूड ग्रंथ शेतकऱ्यांच्या घरी लाखोंच्या संख्येने पोहोचू लागले. जे लाखोंनी छापले ते दुर्मीळ कसे म्हणायचे? त्यात सीअर्सचा १८९७ चा कॅटलॉग १९६८ मध्ये आणि १९०२ चा १९६९ मध्ये पुन्हा छापला गेला. ही पुनर्मुद्रणेच आता पन्नाशी ओलांडून पिवळी पडली आहेत आणि सर्रास मूळ प्रती म्हणून खपवली जातात.

कागदवेडा:
पेटारा यांनी किती छापले ते सांगितले, किती उरले ते सांगितले नाही. नवा कॅटलॉग आला की जुन्याची रवानगी परसातल्या शौचकूपात होत असे, आणि त्याआधी मुलींनी कपड्यांच्या पानांवरील बायकांची चित्रे बाहुल्यांसाठी कापून नेलेली असत. त्यामुळे एकही पान न गेलेली १८९० च्या दशकातील प्रत आज सहजी मिळत नाही. पुनर्मुद्रण ओळखणेही अवघड नाही. त्यात आधुनिक प्रस्तावना आणि नव्या प्रकाशकाचे नाव असते. तेवढे पान कोणी फाडलेच, तर कागद बोलतो: मूळ प्रतीचा हलका, आम्लयुक्त कागद कडांना तपकिरी होतो आणि कोपरा जरा दुमडला तरी त्याचा तुकडा हातात येतो.

शिवाय सीअर्सने १९०८ ते १९४० या काळात टपालाने संपूर्ण घरेही विकली. कापलेले लाकूड, खिळे आणि आराखडे रेल्वेने येत. अशी सुमारे सत्तर हजार घरे विकली गेली असे मानले जाते. त्या घरांच्या आजच्या मालकांना आपल्या घराचे चित्र असलेला मूळ कॅटलॉग हवा असतो आणि ते त्याला चांगली किंमत मोजतात.

पेटारा:
म्हणजे किंमत घराची आहे, कागदाची नव्हे. वय हा निकष असता, तर १९७० च्या दशकातील नाताळच्या खेळण्यांच्या कॅटलॉगांना कोणी विचारले नसते. प्रत्यक्षात त्यांना भरपूर गिऱ्हाईक आहे, कारण ती पाने चाळत वाढलेली पिढी आज खर्च करू शकते. ही पिढी सरली की भावही उतरतील. माहितीपुरते म्हणाल, तर पाने संगणकावर पाहायला मिळतात.

मालखाना:
मी कॅटलॉग नव्हे, दुकानी माल जमवतो: न विकलेला, मूळ खोक्यातला माल, दोऱ्याच्या रिळांची लाकडी कपाटे, पत्र्याचे डबे. या मालाचा भाव कॅटलॉगच ठरवतो, हे दोघांच्याही नजरेतून निसटले आहे. सीअर्स सिल्व्हरटोन या नावाने गिटारी विकत असे, पण त्या बनवत हार्मनी, के आणि डॅनइलेक्ट्रोसारख्या कंपन्या. एखादा विक्रेता डॅनइलेक्ट्रोने बनवलेली गिटार १९३० च्या दशकातील म्हणून दाखवतो, आणि कॅटलॉगमध्ये तीच गिटार, त्याच क्रमांकासह, १९५० च्या दशकात निघते. असा पुरावा हाताशी असला की घासाघीस चटकन संपते. मात्र पाने सुटी करून, चौकटीत बसवून विकणाऱ्यांबद्दल माझ्या मनात काडीचाही आदर नाही. त्यांना अखंड प्रतीपेक्षा जास्त पैसे मिळतात हे मला ठाऊक आहे, आणि माझा राग त्यावरच आहे.

कागदवेडा:
पाने सुटी करण्याबाबत पूर्ण सहमत. पण पेटारा यांचा संगणकाचा मुद्दा अर्धाच खरा आहे. सीअर्सची पाने सापडतील. एखाद्या लहान गावातील शेगड्यांच्या किंवा नांगरांच्या कारखान्याने काढलेला वीस पानी कॅटलॉग कोठेच सापडत नाही. प्रती मुळातच थोड्या निघालेल्या असल्यामुळे तो सीअर्सच्या हजार पानांपेक्षा महाग जाऊ शकतो. संग्राहकाने नाव मोठे आहे की छोटे हे पाहू नये.

काळाघोडा:
मुंबईकरांनी हा विषय केवळ अमेरिकेचा समजू नये. लंडनच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सने १८९१ मध्ये मुंबईत शाखा काढली. काळा घोड्याजवळची ती इमारत आजही उभी आहे आणि तिच्यात कपड्यांचे दुकान चालते. त्या कंपनीच्या कॅटलॉगमधून भारतातले गोरे अधिकारी तंबूंपासून मुरांब्यापर्यंत सारे मागवत असत. त्यांचा १९०७ चा कॅटलॉगही पुढे पुन्हा छापला गेला, म्हणून पेटारा यांचा इशारा येथेही लागू आहे.

चोरबाजारात तर अधिकच जपावे लागते, कारण तेथील जुन्या दुकानांच्या पाट्यांपैकी बऱ्याच मुद्दाम गंजवलेल्या, नव्या निघतात. मी पाटी उलटी करून खिळ्यांची भोके पाहतो. वर्षानुवर्षे भिंतीवर राहिलेल्या पाटीचा मुलामा भोकांभोवती तडकलेला असतो आणि गंज तेथून पसरलेला दिसतो. नव्या पाटीवर तो सगळीकडे सारखाच फासलेला असतो. एवढे पाहूनही पाटी आवडली, तर शोभेची वस्तू म्हणून घ्यावी आणि पैसेही तेवढेच द्यावेत.