मदत हवी आहे: मधमाश्या फिरकत नाहीत आणि मधाच्या वड्या चिकटच राहतात

गच्चीकर
शनिवारी घरी मुलं जमणार आहेत. आधी त्यांना मधमाश्या काम करताना दाखवायच्या, मग मधाच्या वड्या खायला द्यायच्या असं ठरवलंय, पण दोन्हीकडे अडलंय. काकडीच्या वेलाला फुलं भरपूर, शेजारी झेंडू बहरलाय, तरी एक माशी येत नाही. काकड्या पेराएवढ्या झाल्या की पिवळ्या पडून गळतात. बशीत मध ठेवून पाहिला, फक्त मुंग्या आल्या. आणि वड्या रात्रीत पाघळतात. खत घाला, पाणी घाला हे कृपया सांगू नका, ते नीट चालू आहे. लवकर सांगा.

मातीचे_हात
गळतंय ते नक्की काय? नुसतं फूल की मागे बारीक काकडी असलेलं फूल? काकडीला आधी नर फुलं येतात आणि ती दिवसभरात मिटून गळतात, त्यात काळजीचं काही नाही. फवारणी कसली करता? बियांच्या पाकिटावर काय लिहिलंय? काही जातींना परागीभवन लागतच नाही. आणि वड्यांची कृती कुठेय?

गच्चीकर
काकड्या गळतात असं लिहिलंय वर. फवारणी अजिबात नाही. पाकीट टाकून दिलं. वड्या नेहमीच्याच, ओट्स, बदाम, तीळ आणि मध.

रानवेल
बाकी सगळं नंतर, आधी ती मधाची बशी उचला. मधात अमेरिकन फाउलब्रूड या रोगाचे बीजाणू असू शकतात. माणसाला त्यांचा त्रास नाही, पण मधमाश्यांच्या अळ्या त्याने मरतात आणि माश्या तोच मध पोळ्यात नेऊन भरतात. अख्खी वसाहत जाऊ शकते. त्याऐवजी उथळ बशीत पाणी ठेवा, खडे घाला आणि खड्यांची डोकी पाण्याच्या वर राहू द्या, म्हणजे माश्या बुडत नाहीत. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतील.

साखरफूल
मी साखरपाणी ठेवते. खूप माश्या येतात. इतकं घाबरायचं कारण नाही.

रानवेल
साखरफूलताई, येतात हे खरं, पण बशीवर येतात. यांना त्या काकडीच्या फुलावर हव्या आहेत. साखरेत नुसती ऊर्जा असते, अळ्यांना वाढायला परागकणांतली प्रथिनं लागतात. साखरपाणी हे फुलोरा नसताना मधमाश्या पाळणारे पेटीवाले त्यांच्या पेटीत देतात, त्यांना वसाहतीची अवस्था दिसत असते.

साखरफूल
दमून जमिनीवर पडलेल्या माशीला थेंबभर दिलं तर ती उडते. हे मी स्वतः पाहिलंय.

रानवेल
एखाद्या माशीला थेंबभर द्या की, त्याला माझी काही हरकत नाही. रोजची बशी नको.

बांबूघर
बशीपेक्षा एकेकट्या राहणाऱ्या माश्यांसाठी घर करा. मधमाश्या आणि त्यांच्या भावकीतल्या माश्या मिळून जगात वीस हजारांहून जास्त जाती आहेत आणि बहुतेक पोळं करतच नाहीत. पोकळ बांबूच्या नळ्या घ्या, भोक 3 ते 10 मिमी, लांबी 15 सेंमीच्या आसपास, मागचं टोक बंद. जुडी बांधून सकाळचं ऊन येईल अशी घट्ट बसवा, लोंबकळती नको. वापरलेल्या नळ्या बदलत राहा, नाहीतर बुरशी आणि कोळीकीटक साचतात.

मातीचे_हात
कल्पना चांगली आहे, पण शनिवारपर्यंत कोण राहायला येणार? आणि बऱ्याचशा जाती तर जमिनीतच बिळं करतात, त्यांना कुंडीतली थोडी उघडी, न खणलेली माती जास्त उपयोगी. गच्चीकर, कुंड्या नक्की कशा ठेवल्यात? आडोसा आहे का?

गच्चीकर
उन्हासाठी हिरवी शेडनेट आहे, वर आणि तिन्ही बाजूंनी. चौथी बाजू भिंत. त्याचा काय संबंध?

मातीचे_हात
सगळा संबंध तिथेच आहे! त्या जाळीच्या छिद्रांतून मधमाशी आत येऊच शकत नाही. बाजूंची जाळी सकाळी गुंडाळून ठेवा, वरची असू द्या. काकडीची फुलं सकाळी उमलतात, मादी फुलासाठी तोच वेळ महत्त्वाचा. माश्यांना जागा सापडायला थोडे दिवस लागतील, तोवर हाताने करा. मागे बारीक काकडी नसलेलं ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा, मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. हे शनिवारी मुलांकडूनच करून घ्या. बघण्यापेक्षा करण्यात त्यांना जास्त कळेल.

झेंडू कोणता आहे? गच्च गोंड्याचा असेल तर माश्यांना त्यात फारसं काही मिळत नाही. एकेरी पाकळ्यांचा लावा. तुळस, सब्जा, कोथिंबीर फुलावर येऊ द्या, सारखी खुडू नका.

कोवळं_ऊन
माझ्या टोमॅटोची फुलं गळतात, त्यालाही मधमाश्या हव्यात का?

रानवेल
टोमॅटोला मधमाशीचा फारसा उपयोग नाही. त्याचे पराग परागकोशात बंद असतात, भुंगा फुलाला धरून थरथरतो तेव्हा ते बाहेर पडतात. फुलोऱ्याच्या दांडीला टिचकी मारत जा. कडक उन्हाळ्यानेही फुलं गळतात. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे यांची घाई आहे.

पाकघर
वड्यांकडे कोणी बघतच नाही. गच्चीकर, मध शिजवला होता की नुसता ओतला?

गच्चीकर
कोमट केला. मध गरम करू नये म्हणतात ना.

पाकघर
मग त्या चिकटच राहणार. मधात सुमारे 17-18 टक्के पाणी असतं आणि त्यातलं फ्रुक्टोज हवेतला ओलावा ओढत राहतं. अर्धी वाटी मध जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सतत ढवळत गोळीबंद पाकापर्यंत आणा. गार पाण्यात थेंब टाकला की घट्ट गोळी व्हायला हवी. थर्मामीटर असेल तर 125 अंशांच्या आसपास. आच मोठी ठेवलीत तर मध साखरेच्या आधी करपतो. ओट्स, तीळ आणि बदामाचे काप आधी कोरडे, खमंग भाजून ठेवा, सगळे मिळून दोन वाट्या. चिमूट मीठ घाला. पाकात घालून लगेच तूप लावलेल्या ताटात दाबून थापा, कोमट असतानाच वड्या पाडा.

साखरफूल
गरम मध विषारी होतो. मुलांना देऊ नका.

पाकघर
विषारी होत नाही. उष्णतेने त्यातली विकरं नष्ट होतात, वास कमी होतो आणि एचएमएफ नावाचं संयुग वाढतं, म्हणून मध विकणारे त्याचं प्रमाण मोजतात. मध घालून भाजलेले पदार्थ लोक सगळीकडे खातात. नकोच वाटत असेल तर खजूर आणि बदाम एकत्र वाटून चमचाभर मध घालून लाडू वळा, फ्रीजमध्ये ठेवा. पण ती कुरकुरीत वडी नव्हे.

कोवळं_ऊन
माझा मध बाटलीत गोठलाय, भेसळ आहे का?

पाकघर
तेवढ्यावरून भेसळ ठरत नाही, ग्लुकोजचे खडे होतात. बाटली कोमट पाण्यात ठेवा.

रानवेल
मुलं किती वर्षांची आहेत? हे कोणीच विचारलं नाही.

गच्चीकर
पाच ते नऊ. मैत्रिणीचं दहा महिन्यांचं बाळ असेल, ते फार तर चाटेल.

रानवेल
चाटायलाही नको. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नसतो. त्यातल्या बोट्युलिझमच्या बीजाणूंमुळे गंभीर आजार होऊ शकतो.

साखरफूल
शिजवलेला चालत असेल.

रानवेल
नाही. घरच्या शिजवण्याने ते बीजाणू मरत नाहीत. मैत्रिणीला आधीच फोन करून सांगा. आणि मोठ्या मुलांपैकी कुणाला तीळ किंवा बदामाची अॅलर्जी आहे का तेही विचारा.

गच्चीकर
फोन केला. अॅलर्जी कुणाला नाही. बाजूच्या जाळ्या काढल्या. आज एक मोठी काळी, निळसर पंखांची माशी आली, काकडीवर नाही, तुळशीवर. मुलांना चावेल का?

रानवेल
तो भुंगा. नराला नांगीच नसते, मादी हातात धरली तरच डंख करते. मुलांना दोन हात लांब उभं करा आणि बघू द्या.

पाकघर
वड्या शुक्रवारी रात्री करा. पूर्ण गार झाल्यावर एकेक बटर पेपरात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डबा मुलं आल्यावरच उघडा.