सिंहस्थाचा काळ आणि श्रद्धेची कसोटी

प्रश्न (पंचवटी, नाशिक): गुरू सिंह राशीत आला की आपल्याकडे सिंहस्थ भरतो. हे गणित दुर्बिणीने पडताळता येते. मग रामकुंडातल्या स्नानाच्या पुण्याचीही वैज्ञानिक पद्धतीने परीक्षा का होऊ नये?

उत्तर १: दोन विधाने वेगळी ठेवावीत. गुरूची प्रदक्षिणा ११.८६ वर्षांची असल्यामुळे ‘१२ वर्षांनी’ हा ठोकताळा दर खेपेस थोडा चुकतो आणि ही चूक साठत जाते. हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२१ मध्येच आला तो यामुळे. येथे आकाश गणिताला खोटे पाडू शकते. पुण्याचे विधान कोणत्या निरीक्षणाने खोटे ठरेल, हे कोणी सांगितलेलेच नाही. वैज्ञानिक विधान खोटे ठरण्याची शक्यता असलेलेच हवे, या तत्त्वज्ञ कार्ल पॉपरच्या निकषाने ते विज्ञानाबाहेरचे, पण म्हणून निरर्थक नव्हे.

उत्तर २: आकाशही एकटे पुरत नाही. आमच्या घरी एकाच खिळ्याला दाते आणि टिळक अशी दोन पंचांगे टांगलेली असत. राशिचक्राचा आरंभबिंदू दोघांत सुमारे ४ अंशांनी वेगळा, त्यामुळे गुरूचा सिंहप्रवेशही वेगवेगळ्या दिवशी. ग्रह तोच, रेघ माणसाने आखलेली. (आजी मात्र दोन्ही बाजूला सारून घाटावर जाई.)

प्रश्नकर्ता: आरंभबिंदू हा संकेत आहे, हे मान्य. पण मग पर्वकाळ निसर्गात असतो की पंचांगात, हा प्रश्न माझ्यापुरता अधिकच अवघड झाला.