गाडीचा नंबर नसला तरी एफआयआर कराच

घोडबंदर रोडवर तुमच्या मामांना उडवून टेम्पो पळाला, आणि तुमच्या प्रश्नाखाली एकाने सांगितलंय की नंबरच नाही तर पोलिसांत जाऊन काय होणार. कृपया हे ऐकू नका. अज्ञात वाहनाविरुद्धही गुन्हा नोंदवता येतो आणि पुढचं सगळं त्या एफआयआरवर अवलंबून असतं.

सगळ्यात घाई सीसीटीव्हीची. दुकानं, पेट्रोल पंप, सोसायट्यांचं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून आजच कुणाला तरी त्या पट्ट्यात पाठवा. फुटेज जपून ठेवायला सांगा आणि कुठे कुठे कॅमेरे आहेत ते तपास अधिकाऱ्याला लेखी द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं राहून जातं.

वाहन सापडलंच नाही तर केंद्राच्या २०२२ च्या योजनेतून गंभीर जखमीला ५० हजार, मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख मिळतात. रक्कम तुटपुंजी आहे, पण हक्काची आहे. अर्ज प्रांताधिकारी किंवा तहसीलदारांकडे. महिनाभरात वाहनाचा पत्ता लागला नाही तर पोलिसांनीच कुटुंबाला या योजनेची माहिती द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये सांगितलंय. तरी वाट बघू नका, स्वतः विचारा. हॉस्पिटलचे सगळे कागद जपा. नंतर टेम्पो सापडला तर ठाण्याच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात पूर्ण भरपाई मागता येते, आधी मिळालेली रक्कम त्यातून वळती होते.

मामांना उचलून हॉस्पिटलात नेणारा तो रिक्षावाला घाबरतोय म्हणालात. कायद्याने त्याच्यावर साक्षीची सक्ती नाही, हे त्याला आवर्जून सांगा. मग कदाचित तो स्वतःहून बोलेल.