मदत हवी आहे: तोंडाच्या कॅन्सरवर 'व्हायरसचं इंजेक्शन', यात खरं किती?

वेदगंगाकाठ

नमस्कार मंडळी. निपाणीजवळच्या खेड्यातून लिहितोय, आत्यासाठी विचारायचं आहे.

आत्याचं वय 58. अर्धं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं, आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री. गेल्या वर्षी डाव्या गालाच्या आत जखम झाली, भरेचना. तपासलं तर कॅन्सर. बेळगावला ऑपरेशन झालं, मग केमो आणि शेक (रेडिएशन). आता मानेत पुन्हा गाठ आली आहे. सुईनं तपासून झालं, तेच निघालं. परत ऑपरेशन करण्यासारखं नाही, औषधांवर ठेवू, असं डॉक्टर म्हणतात.

अशात भावजींच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. जपानमध्ये म्हणे व्हायरसमध्ये बदल करून तो थेट गाठीत टोचतात, मग शरीराची प्रतिकारशक्तीच कॅन्सर खाऊन टाकते. खाली नंबर होता. फोन केला तर माणूस अगदी गोड बोलला. साडेसहा लाख आगाऊ. औषध थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून घरपोच देणार, गावातल्या डॉक्टरकडून टोचून घ्यायचं. रिपोर्ट त्यानं मागितलाच नाही. फक्त आत्याचं वजन विचारलं.

भावजी नदीकाठचा उसाचा तुकडा विकायला निघालेत. आत्या म्हणते, मला काही टोचू नका, आधी पोरीचं बाळंतपण होऊ दे. आतेबहीण माहेरी आली आहे, सातवा चालू आहे.

मला एवढंच कळायला हवंय: हे शास्त्र खरं आहे की थाप? खरं असेल तर आत्याला उपयोग आहे का, आणि भारतात कुठे मिळतं? घरात कुणी ऐकत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगा. वाचून दाखवेन.

गणेशपूर_गल्ली

एक रुपयासुद्धा पाठवू नका. बाकीचं जाणकार सांगतील.

सूक्ष्मदर्शक

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. त्यामुळे शास्त्रापुरतं बोलतो.

शास्त्र खरं आहे. व्हिडिओवाल्यानं खऱ्या शास्त्राच्या खुंटीला आपली पिशवी अडकवली आहे.

कॅन्सरची पेशी आपल्याच शरीरातली. गावातल्याच माणसानं चोरी करावी आणि कुत्री भुंकू नयेत, तसं प्रतिकारशक्तीचं होतं. व्हायरस आत सोडायचा तो कुत्री भुंकावीत म्हणून. अमेरिकेत 2015 मध्ये मंजूर झालेलं टी-वेक हे औषध घ्या. ओठावर ज्यानं तापाचे फोड उठतात, त्याच हर्पीस व्हायरसपासून ते बनवलंय. त्यातली दोन जनुकं काढून टाकली. पहिलं गेल्यामुळे तो निरोगी पेशीत नीट वाढू शकत नाही, पण कॅन्सरच्या पेशीची व्हायरसविरोधी यंत्रणा बिघडलेली असते, तिथे वाढतो आणि पेशी फोडतो. दुसरं जनुक व्हायरसला लपायला मदत करायचं, तेही काढलं. वर जीएम-सीएसएफ नावाचं प्रथिन बनवणारं जनुक घातलं. ते आजूबाजूच्या संरक्षक पेशींना बोलावून घेतं. फुटलेल्या पेशीतून कॅन्सरचे तुकडे बाहेर पडतात, संरक्षक पेशी ते उचलून टी-पेशींना, म्हणजे शत्रूला मारणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात. शत्रू ओळखायला शिकलेल्या टी-पेशी मग न टोचलेल्या गाठींवरही जाऊ शकतात. खरा डाव हाच, नुसती गाठ फोडणं नव्हे.

आता मर्यादा. टी-वेक हे मेलानोमासाठी, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरसाठी, तेही ऑपरेशननं काढता न येणाऱ्या गाठींत टोचायला. 436 रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत सहा महिने किंवा जास्त टिकणारा गुण सुमारे 16 टक्के लोकांना आला. तुलनेच्या गटात 2 टक्क्यांना. कामाचं औषध आहे, जादू नाही. जपानचं म्हणतात ते 2021 चं डेलिटॅक्ट, ग्लायोमा या मेंदूच्या कॅन्सरसाठी. 19 रुग्णांच्या चाचणीवर सशर्त परवानगी मिळाली. ते टोचतात मेंदूतल्या गाठीत, मानेत नाही.

भारतात असलं एकही औषध विक्रीला नाही. आणि तो थर्माकोलचा डबा! टी-वेक उणे 70 ते उणे 90 अंशांत साठवावं लागतं. बर्फाच्या खड्यांवर निपाणीपर्यंत काय पोचेल, देव जाणे. शिवाय हा जिवंत व्हायरस. टोचलेली जागा झाकून ठेवायची, पट्टी बदलताना हातमोजे घालायचे, आणि गरोदर बाईनं औषधाला किंवा त्या जखमेला हात लावायचा नाही, अशी सक्त सूचना असते. तुमच्या घरात सातवा चालू आहे. भावजींना आधी हेच सांगा.

वजनाचं ऐकून तर हसू आलं. टी-वेकची मात्रा गाठीच्या आकारावर ठरते.

वेदगंगाकाठ

सर, वाचून दाखवलं. आतेबहीण घाबरली, भावजी नाहीत. ते म्हणतात चीनमध्ये तोंडाच्या कॅन्सरवर व्हायरस चालतो. आणि मुंबईत आयआयटीनंही काढलंय म्हणे?

सूक्ष्मदर्शक

भावजी अभ्यासू दिसतात. चीननं 2005 मध्ये एच-101 हा बदललेला ॲडिनोव्हायरस (सर्दीच्या व्हायरसांपैकी एक) डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी (तोंडाचा त्यातच मोडतो) केमोसोबत मंजूर केला, हे खरं. अमेरिका-युरोपात त्याला मंजुरी नाही, आपल्याकडेही नाही. टी-वेक डोकं-मानेत करून पाहिलं होतं, पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्तीच्या औषधाच्या जोडीनं, 36 रुग्णांवर. पाच जणांची गाठ लहान झाली. एका रुग्णाला औषधामुळे धमनीतून रक्तस्राव होऊन मृत्यू आला. पुढची मोठी चाचणी झालीच नाही. शेक घेतलेल्या मानेतल्या, मोठ्या रक्तवाहिनीजवळच्या गाठीत गावात सुई खुपसणं म्हणजे काय, ते यावरून समजा.

आयआयटीचं प्रकरण वेगळं. ते नेक्सकार-19. आयआयटी मुंबई आणि टाटा हॉस्पिटलच्या संशोधनातून आलं, 2023 मध्ये मंजूर झालं. त्यातही बदललेला व्हायरस वापरतात, पण शरीराबाहेर. रुग्णाच्या टी-पेशी काढायच्या, व्हायरसच्या मदतीनं त्यांच्यात नवं जनुक घालायचं, पेशी परत द्यायच्या. उपयोग काही रक्ताच्या कॅन्सरांत. गालाच्या कॅन्सरला नाही.

मलप्रभा_ताई

मी खानापूरची. माझ्या दिरांचं अगदी हेच होतं, म्हणून लिहिते.

व्हायरस सोडा, पण प्रतिकारशक्तीच्या औषधाबद्दल तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा. नाव निवोलुमॅब. पूर्ण डोस आपल्या ऐपतीबाहेरचा. पण टाटाच्या डॉक्टरांनी कमी डोसची चाचणी केली, 2023 मध्ये छापून आली. दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, आणि सोबत मेथोट्रेक्सेट, सेलेकोक्सिब, एर्लोटिनिबच्या गोळ्या. चाचणीतले रुग्ण बरे होण्यापलीकडे गेलेल्या डोकं-मानेच्या कॅन्सरचे होते. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानं सुमारे 16 टक्के हयात होते, इंजेक्शन जोडल्यावर 43 टक्के. आत्याला चालेल का ते डॉक्टरच ठरवतील, तब्येत आणि रक्ताचे रिपोर्ट बघून. पण विचारल्याशिवाय काहीजण बोलत नाहीत. दिरांना सुरू केलं तेव्हा आम्हीच कागद पुढे केला होता. गाठ गेली नाही, पण दुखणं कमी झालं आणि पेज गिळता यायला लागली.

पैशाचं: कर्नाटकचं आयुष्मान-आरोग्य कार्ड आहे ना? कुठल्या औषधाला चालतं ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्रालाच विचारा. महाराष्ट्रानं 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले योजना द्यायचं ठरवलं होतं, तेव्हा कोल्हापूरच्या हॉस्पिटलातही चौकशी करा. दोन सरकारांच्या भांडणात आपण पडायचं नाही, जिथे काम होईल तिथे जायचं. बंगळूरला किदवाई हे सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहेच.

गणेशपूर_गल्ली

चाचणीच म्हणत असेल तो माणूस, तर सीटीआरआयचा, म्हणजे औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा. भारतात 2009 पासून प्रत्येक औषध-चाचणीची तिथे नोंद सक्तीची आहे, साइटवर कुणालाही शोधता येते. संमतीपत्र आपल्याला कळणाऱ्या भाषेत द्यावं लागतं, आत्यासाठी मराठीत मागायचा हक्क आहे. आणि चाचणीतलं औषध आगाऊ लाखो रुपये घेऊन कुणी विकत नाही.

वेदगंगाकाठ

नोंदणी क्रमांक मागितला. आधी म्हणाला पाठवतो, मग म्हणाला 'विश्वास नसेल तर राहू द्या', आता फोन उचलत नाही. भावजी गप्प आहेत. तुकडा विकायचं थांबलंय.

सोमवारी बेळगावला जातोय, ताईंनी दिलेली नावं मराठीत आणि इंग्रजीत कागदावर लिहून घेतली आहेत. टाटाचं दुसरं मतही घ्यायचं ठरलंय. त्यासाठी इथून काय काय मागून घेऊ?

मलप्रभा_ताई

ऑपरेशनचा डिस्चार्ज कार्ड, शेक किती दिला त्याचा कागद, सगळे स्कॅन सीडीवर. बायोप्सीच्या नुसत्या स्लाइड घेऊ नका, गाठीचा तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ब्लॉकही मागा. लॅबवाले सही घेऊन देतात, एक-दोन दिवस लागतात, म्हणून सोमवारी गेल्यागेल्या आधी तोच अर्ज द्या. आणि शक्यतो आत्यांना सोबत न्या, कागद बघून काय ठरणार!