जुन्या पेट्रोल पंपाच्या यंत्रात फेरबदल केल्यास किंमत घटते का?

पारोळेकर
नमस्कार. पारोळ्याजवळ महामार्गावर आमच्या आजोबांचा पेट्रोल पंप होता. तेथील माणसाहून उंच असे एक जुने यंत्र आमच्या मळ्यातल्या कापसाच्या खोलीत अजून उभे आहे. दर्शनी तबकडीवर लिटरचे आकडे आहेत, परंतु आतल्या पितळी पट्टीवर गॅलन असे कोरलेले आहे. वरचा निळा रंग जेथे उडाला आहे तेथे पिवळा आणि त्याखाली लाल दिसतो. मोटार नाही, आणि नोझल मूळ पितळी नसून नंतरचे ॲल्युमिनियमचे आहे. धुळ्यातील एका कारागिराने सुचवले आहे की, आतील यंत्रणा काढून टाकावी, सँडब्लास्टिंग (वाळूच्या जोरदार माऱ्याने जुना रंग काढणे) करून लाल पावडर कोटिंग (भट्टीत भाजून पक्का केलेला भुकटीचा रंग) द्यावे आणि आत दिवे व काचेचे कप्पे बसवावेत. आग्रा रोडवरील एका हॉटेलला तसे शोभेचे यंत्र हवे आहे. असे केल्याने त्याची किंमत वाढेल की घटेल, आणि लिटरच्या बदलामुळे ती आधीच घटलेली आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तापीकाठ
दादा, कारागिराला आधी थांबवा. यंत्र पेट्रोल विकत होते तेव्हा झालेला बदल आणि ते निवृत्त झाल्यावर शोभेसाठी केलेला बदल यांचे मोल सारखे धरता येत नाही. १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्यानंतर मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि पंपांवरून गॅलन जाऊन लिटर आले. एक ब्रिटिश गॅलन म्हणजे ४.५४६ लिटर; त्यामुळे नुसती तबकडी बदलून भागत नसे, मीटरपासून काट्यापर्यंत गती नेणाऱ्या दातेरी चक्रांचे प्रमाणही बदलावे लागे. आपल्या यंत्रात हे दोन्ही काळ एकत्र नांदत आहेत, आणि मी तरी अशा यंत्राला दोन पैसे अधिकच देईन. रंगांचेही तेच: आजोबांचा पंप बर्मा-शेल या जुन्या तेल कंपनीचा असेल, तर लाल-पिवळे थर त्या काळचे आणि वरचा निळा १९७६ च्या राष्ट्रीयीकरणानंतर, म्हणजे भारत पेट्रोलियमच्या काळातला असावा.

अमेरिकेतील एक उदाहरण येथे लागू पडते. तेथील यांत्रिक गणकांवर, म्हणजे रक्कम मोजून दाखवणाऱ्या चक्रांवर, गॅलनचा भाव ९९.९ सेंटपर्यंतच लावता येत असे. १९७९ च्या सुमारास भाव डॉलरपलीकडे गेला, तेव्हा अनेक पंपांवर अर्ध्या गॅलनचा भाव लावून तशी सूचना चिकटवली गेली. ती चिठ्ठी खरवडून काढणारा माणूस यंत्राचा इतिहासच खरवडतो. आतील मीटर आणि गणक काढून टाकले, तर उरते ते पत्र्याचे कपाट, आणि त्याला कपाटाचीच किंमत येते.

भुसावळचा जुना फिटर
मी स्वतः केलेली चूक सांगतो. माझ्याकडील एका यंत्राच्या दारावर मी सँडब्लास्टिंग करून घेतले. वाळूच्या माऱ्याने पातळ पत्र्याला लाटा आल्या, त्या पुट्टीने झाकाव्या लागल्या, आणि खरेदीदाराने दारावर हात फिरवताच ते ओळखले. शिवाय जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासू नये. सौम्य साबणाच्या पाण्याने आणि मऊ कापडाने पुसावे, एवढेच पुरे. नळ्यांत व मीटरमध्ये पेट्रोलचा अंश किंवा वाफ अडकलेली असू शकते. ती काढल्याशिवाय वेल्डिंग किंवा ग्राइंडर जवळ आणू नये, हे मी कळकळीने सांगतो.

शिरपूरकर
वरील दोघांशी मी बहुतांशी सहमत आहे, पण रंगाबाबत इतके कडक राहण्याची गरज नाही. ही यंत्रे चालू असतानाच वेळोवेळी रंगवली जात. पत्रा गंजून भोके पडली असतील, तर काळजीपूर्वक केलेली डागडुजी आणि मूळ छटेचा रंग यांनी किंमत फारशी घटत नाही. मात्र विकताना ते लपवू नये. मोटार आणि नोझल पुन्हा मिळवता येतात, अनुक्रमांकाची पट्टी मिळत नाही, म्हणून तिच्यावर रंगाचा थेंबही पडू देऊ नका. आणखी एक प्रश्न, जो कोणी विचारला नाही: अनेक ठिकाणी यंत्र तेल कंपनीच्या मालकीचे असे. आजोबांनी ते विकत घेतल्याचा कागद आहे का? तो नसेल तर जाणता ग्राहक बिचकेल.

पारोळेकर
आपणा सर्वांचा मी आभारी आहे. आजोबांच्या लोखंडी पेटीत यंत्र भंगार म्हणून विकत घेतल्याची पावती सापडली. आज बॅटरी घेऊन आत पाहिले, तेव्हा मीटरच्या तारेला वजन-मापे तपासणाऱ्या निरीक्षकाचे शिशाचे सील अजून लटकलेले दिसले. ते मी तसेच ठेवले आहे. कारागिराला नकार कळवला असून, हॉटेलमालकांना यंत्र आहे त्या स्थितीत पाहायला बोलावले आहे. पितळी नोझल कोणाकडे असल्यास कृपया कळवावे. ॲल्युमिनियमचेही मी जपून ठेवणार आहे.